कोड खोडण्याआधी कागदावर द्या : कोल्हापुरातील मोटार सर्व्हिस सेंटरांना खुले पत्र

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर,
मोटार कंपन्यांची सर्व अधिकृत सर्व्हिस सेंटर्स,
कोल्हापूर.

विषय : गाडीत नोंदलेल्या बिघाडाच्या कोडची छापील प्रत मालकाला मिळणे आणि घरी स्कॅनर लावणाऱ्या मालकाची वॉरंटी न अडवणे.

स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधी सांगतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून एखादा मालक गाडी घेऊन तुमच्याकडे आला, तर स्कॅनरवर दिसलेले सगळे कोड आणि त्यांच्यासोबत गाडीने साठवलेली नोंद आधी छापून जॉब कार्डाला जोडा. त्यानंतर कोड खुशाल खोडा. दुसरी गोष्ट, ज्याने घरी स्वतः स्कॅनर लावून कोड वाचलाय त्याला काउंटरवर ‘बाहेरचं यंत्र लावलंय, आता वॉरंटी मिळणार नाही’ असं सांगणं थांबवा. यासाठी तुम्हाला नवीन यंत्र घ्यावं लागत नाही की माणूस वाढवावा लागत नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन अलार्म देऊन थांबलं, की आधी अलार्मचा नंबर, चालू प्रोग्राम आणि वेळ रजिस्टरात लिहायची, मगच रिसेटला हात लावायचा, हा आमच्या शॉपवरचा पहिला नियम. नवीन पोरगं घाईने रिसेट दाबून मोकळं झालं तर सुपरवायझर त्याला तिथल्या तिथे झापतो. कारण तोच अलार्म रात्रपाळीत पुन्हा आला, तर शोध कुठून सुरू करायचा हे कुणालाच सांगता येत नाही. या शहराला हे नव्याने शिकवायची गरज नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये गाड्यांचे भाग ओतले जातात, त्यांचं मशिनिंग होतं. त्याच गाड्या आमच्या दारात उभ्या राहिल्या की त्यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं आम्ही वाचायचं नाही, हे मला पटत नाही.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. ओबीडी पोर्ट. ते कुठल्या एका कंपनीच्या सोयीसाठी आलेलं नाही. धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा नीट चालते का, हे गाडीनेच तपासत राहावं आणि बिघडली तर दिवा लावून सांगावं, म्हणून सरकारांनी ते सक्तीचं केलं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि आपल्याकडे बीएस ४ या धुराच्या नियमांबरोबर : पहिला टप्पा २०१० पासून, दुसरा २०१३ पासून. कोडसुद्धा ठरवून दिलेले आहेत. ‘पी०’ ने सुरू होणारा कोड साधारणपणे कुठल्याही कंपनीच्या गाडीत तोच अर्थ सांगतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही, मग बॉनेटवर चिन्ह कुणाचंही असो. ‘पी१’ ने सुरू होणारे कोड कंपनीचे खास असतात, त्यांचा अर्थ कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावा लागतो. म्हणजे यातला मोठा भाग कुणाच्याही यंत्राने वाचता यावा म्हणून मुद्दाम उघडा ठेवलेला आहे. तो वाचणाऱ्या मालकाकडे संशयाने बघायचं कारणच नाही.

कोल्हापुरात आता वाचणारे बरेच झालेत. या पोर्टात खोचायचा ब्लूटूथचा छोटा डोंगल काही शे रुपयांपासून मिळतो, मोबाइलमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाकलं की काम सुरू. स्कोडा-फोक्सवॅगनवाले लॅपटॉपवर व्हीसीडीएस नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. फोर्डवाल्यांसाठी तर ही हौस उरलेलीच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या कंपनीने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आणि एक बरा ॲडॉप्टर जवळ असणं ही त्या मालकांची गरज आहे.

आणि नुसते कोड वाचण्यापुरतंच हे नाही. थंडीत सकाळी स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज किती खाली बसतं, इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर साधारण चौदा व्होल्टपर्यंत देतो का, हे मोबाइलवर दिसतं आणि बॅटरी बसायच्या आधी बदलता येते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटाच दिलेला नसतो, पाणी तापलं की थेट लाल दिवा. रत्नागिरीहून परतताना आंबा घाटाच्या चढावर शेजारच्या सीटवरच्या माणसाने ॲपमध्ये तो आकडा बघत राहावं, नव्वदच्या आसपास स्थिर आहे तोवर निर्धास्त चालवावं, शंभरच्या पुढे चढत चाललाय असं दिसलं तर एसी बंद करून जागा बघून थांबावं. त्यात इंजिनाचं हेड गॅस्केट वाचतं. इंजिनाचं पाणी अडवणारा-सोडणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन गरमच होत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त जातं, आणि मालकाला वाटतं पंपावरच माप कमी मिळतंय. हे सगळं गाडी सांगते. कुणीतरी वाचायला हवं.

आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकाबाईंच्या पेट्रोल गाडीचं सांगतो. दिवा लागला. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून एस्टिमेट हातात दिलं. कोणता कोड आला, असं बाईंनी विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, ते टेक्निकल असतंय, तुम्हाला कळायचं नाही.” बाई हायस्कूलला गणित शिकवतात. त्या दिवशी त्या सेन्सर न बदलता गाडी घेऊन आल्या, आणि संध्याकाळी आम्ही डोंगल लावला. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

इथे थोडं खोलात जातो, कारण नोंद हातात असणं का महत्त्वाचं ते इथेच कळतं. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असलं तर काळजी नसते. बाईंच्या गाडीत आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हा आकडा वीसच्या पुढे होता. ॲक्सिलरेटर अडीच हजार आरपीएमवर धरला की उतरून जवळपास ठीक व्हायचा. ज्या इंजिनात आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यात हे लक्षण एकाच दिशेला बोट दाखवतं : त्या सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. आयडलला एकूण हवाच थोडी, म्हणून गळतीचा हिस्सा मोठा. रेस केल्यावर मोजलेली हवा इतकी वाढते की गळती तिच्यात बुडून जाते. उलट झालं असतं, भार वाढेल तसा आकडा चढला असता, तर फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर मळलेला एअर फ्लो सेन्सर तपासावा लागला असता. फिल्टरच्या डब्याकडून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा रबरी पाइप क्लिपच्या खाली चिरलेला सापडला. उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजवाल्याने तो बदलून दिला, दिवा गेला तो गेलाच. ऑक्सिजन सेन्सर शाबूत होता. मिश्रण पातळ झालंय ही तक्रार मुळात त्यानेच केली होती.

तुमच्याकडच्या मेकॅनिकला हे कळत नाही असं मी म्हणत नाही. त्यांच्यातली कितीतरी पोरं आयटीआयमधून शिकून आलेली, हाताने हुशार आहेत. पण दिवसाला ठरलेल्या गाड्या बाहेर काढायच्या असतात आणि पार्टच्या विक्रीचं टार्गेट असतं, तेव्हा कोडच्या नावात जो पार्ट येतो तोच बदलायचा मोह होतो. छापील कागद ग्राहकाच्या हातात जाणार आहे हे माहीत असलं, तर ॲडव्हायझर एस्टिमेट लिहिण्याआधी मेकॅनिकला आणखी एकदा विचारेल. मला हवाय तो हा बदल.

आता माझ्या स्वतःच्या गाडीबद्दल, आणि हे पत्र लिहायला बसवणारी गोष्ट हीच. गाडी डिझेल. दिवा लागला म्हणून एका सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. संध्याकाळी परत मिळाली तेव्हा दिवा बंद होता आणि जॉब कार्डावर लिहिलं होतं, ‘जनरल चेकअप, ओके’. बिलात डायग्नोस्टिक चार्ज वेगळा लावलेला. काय सापडलं, असं विचारलं. “काही नाही, सेन्सरची किरकोळ एरर होती, घालवलीय.” घरी येऊन स्कॅनर लावला. गाडी आणखी एक आकडा सांभाळून ठेवते, जो फारसा कुणी बघत नाही : कोड खोडल्यापासून किती अंतर चाललं. तो आकडा सर्व्हिस सेंटरपासून माझ्या घरापर्यंतचा निघाला. गाडी स्वतःच्या ज्या आतल्या तपासण्या पूर्ण करत असते, रेडिनेस म्हणतात त्यांना, त्याही सगळ्या अपूर्ण दाखवत होत्या. कोड खोडले की त्यांच्यासोबत हेही पुसलं जातं. म्हणजे काहीतरी होतं, ते वाचलं गेलं, पुसलं गेलं आणि ‘ओके’ लिहिलं गेलं.

काही आठवड्यांनी कुटुंबासह कोकणातून परतताना आंबा घाटाच्या चढावर गाडीचा पिकअप गेला. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना, दिवा पुन्हा लागला, मागे ट्रकची रांग. कडेला जागा मिळेपर्यंत जीव मुठीत धरला होता. थांबून स्कॅनर लावला : पी०२९९, टर्बोचा दाब कमी. कोड आला त्या क्षणाची सोबतची नोंद, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, ती स्वच्छ बोलत होती. इंजिनावर जवळजवळ पूर्ण भार, आरपीएम दोन हजारांच्या आसपास, पाण्याचं तापमान नेहमीचं. म्हणजे इंजिन तापलेलं नाही. भार आल्यावर टर्बोने दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटतेय, आणि दाब मिळत नाही म्हणून ईसीयूने इंजिन जपायला ताकद कमी केली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजवर तेलाचा ओला डाग आणि सैल पडलेली क्लिप डोळ्यांनी दिसली. क्लिप आवळून सावकाश घाट पार केला, होज नंतर बदलला. टर्बो ठीक होता.

पहिल्या दिव्याची फ्रीझ फ्रेम माझ्या हातात असती तर घाटात जायच्या आधी शहरातच मी तपासायला काय घ्यायचं ते ठरवलं असतं. ती नोंद कायमची गेली. पैसे घेऊन, माझ्या गाडीतली, मला न दाखवता पुसली गेली. माझा राग एवढ्यासाठी आहे आणि तो अजून गेलेला नाही.

कोड खोडणं हा तपासाचाच भाग आहे हे मला मान्य आहे. खोडायचा, गाडी फिरवून आणायची, परत येतो का बघायचं. मीही मशीनवर तेच करतो. भांडण फक्त क्रमाचं आहे.

इकडे ऊस काट्यावर चढला की वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात पडते, आणि त्या पावतीसाठी, काटामारीविरुद्ध, आपल्या जिल्ह्याने आंदोलनं केली आहेत. वाहनधारक म्हणून आम्ही तेवढीच पावती मागतोय. एक पान पुरे. त्यावर तारीख, किलोमीटरचं रीडिंग, सापडलेले कोड, त्यातले चालू कोणते आणि जुने कोणते, फ्रीझ फ्रेमचे आकडे, आणि कोड खोडले असतील तर तसा उल्लेख. तुमच्या स्कॅनरमध्ये रिपोर्ट साठवायची सोय असेल तर छापू नका, व्हॉट्सॲपवर पाठवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूच्या आणि सेवेच्या दर्जाची, प्रमाणाची, किमतीची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. डायग्नोस्टिक चार्ज घेतला, तर डायग्नोसिस काय निघालं हे सांगणं त्या सेवेचाच भाग झाला.

घरी वाचणाऱ्यांच्या बाजूनेही चुका होतात आणि त्या मी झाकणार नाही. कोड म्हणजे पार्टचं नाव नसतं. पी०४२० दिसला की मोबाइलवर शोधून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलायला निघालेली माणसं मी बघितलीत. आधी एक्झॉस्टची गळती आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर तपासायचा असतो. स्वस्तातले डोंगल नकली चिपवर चालतात, काही आज्ञा गिळतात, चुकीचं दाखवतात. साधी ॲप्स एबीएस आणि एअरबॅगपर्यंत बहुतेक पोहोचतच नाहीत, म्हणून ‘नो कोड’ दिसलं म्हणजे ब्रेक ठीक आहेत असं कुणी समजू नये. डोंगल पोर्टमध्ये तसाच ठेवला तर चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसू शकते. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मिसफायर इतका जोरात आहे की कन्व्हर्टर जळतोय. तेव्हा ॲप उघडत बसायचं नाही, गाडी थांबवायची. एअरबॅग, ब्रेक, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड वायरी, यांना घरी हात लावू नका हे मी सगळ्यांना सांगत असतो. हे धोके खरे आहेत. पण त्यांवरचा उपाय मालकाला अंधारात ठेवणं हा नाही. छापील रिपोर्ट हातात असलेला माणूस मोबाइलवर भलतंसलतं शोधण्याऐवजी तुमच्या मेकॅनिकलाच विचारायला येईल.

वॉरंटीबद्दल स्पष्ट बोलू. डोंगलवरून ॲप ईसीयूला विचारतं, तापमान किती, आरपीएम किती, कोड आहे का. ईसीयू उत्तर देतो. त्यात ईसीयूच्या प्रोग्रामचं काही बदलत नाही. ताकद वाढवायला रिमॅप करणं, म्हणजे तो प्रोग्रामच बदलणं, ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, आणि तशा गाडीच्या इंजिनाची वॉरंटी तुम्ही नाकारलीत तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण नुसतं वाचलं म्हणून धमकी देणं याला आधार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला, तो याच विषयावर : सुटे भाग आणि डायग्नोस्टिक यंत्रं स्वतःच्या साखळीबाहेरच्या गॅरेजांना न देणं. त्या आदेशात कंपन्यांना सांगितलं होतं की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवरून वाद चालला. पण बाहेर दुरुस्ती करून घेणाऱ्याबद्दल आयोग असं म्हणत असेल, तर घरी बसून नुसता आकडा वाचणाऱ्याला तुम्ही कशाच्या जोरावर घाबरवता?

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवायला समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू यांच्याबरोबर मोटारी हे त्यातलं चौथं क्षेत्र. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. युरोपात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देण्याचा नियम २००७ पासून आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून तो मिळवला. आपल्याकडे मतदानाची वेळ यायची गरज नाही, सर्व्हिस मॅनेजरने प्रिंटरचं बटण दाबलं तरी सुरुवात होते.

कंपन्या सुरक्षेचं कारण देतात. हॅकर गाडीत घुसतील, म्हणून पोर्ट बंदिस्त करायला हवं. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी चालती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि चौदा लाख गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या, हे खरं आहे. पण ती घुसखोरी गाडीच्या इंटरनेट जोडणीतून झाली होती, स्टिअरिंगखाली डोंगल लावून नाही. ईसीयूत लिहिण्याच्या वाटेवर कुलूप घाला, आमची हरकत नाही. वाचायची वाट मोकळी राहू द्या.

हीच गोष्ट तुम्ही वरती, कंपनीच्या कार्यालयाला कळवावी अशी विनंती आहे, विशेषतः बीएस ६ डिझेल गाड्यांसाठी. २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि काही वेळ तसाच राहावा लागतो. कळंब्याहून बिंदू चौक, तिथून पोरांची शाळा, परत घर, अशा फेऱ्यांत तो कधी तापतच नाही. डीपीएफचा दिवा लागतो, मालक घाबरतो, आणि कधी कधी महामार्गाला लागून कागलच्या पुढे सलग, एका चालीत गाडी पळवून आणली असती तरी भागलं असतं त्या कामासाठी क्लीनिंगचं बिल भरतो. काजळी किती टक्के भरलीय, काजळी जाळण्याचं शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरमागे झालं, हे आकडे गाडीत असतात. पण ते ठरवून दिलेल्या सामायिक आकड्यांत येत नाहीत, कंपनीच्या खास यादीत असतात आणि साध्या ॲपला सहसा सापडत नाहीत. हे दोन आकडे तरी मालकाला डॅशबोर्डवर दिसावेत. शहरात राहणाऱ्या माणसाला डिझेल गाडी विकताना निदान एवढं करायला हवं.

आणखी एक, आपल्या गावापुरतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्क भागात किती गाड्या पाण्याखाली होत्या ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. त्या ओढून तुमच्याच आवारात आणल्या होत्या. पाणी शिरलेल्या गाडीत वायरिंगच्या जोडांना गंज धरतो आणि महिन्यांनी ‘यू’ ने सुरू होणारे कोड येऊ लागतात, म्हणजे गाडीतले कंट्रोल मॉड्यूल एकमेकांशी बोलेनासे होतात. आज एक, उद्या दुसरा, परवा काहीच नाही. अशा गाडीचा इतिहास कागदावर नसेल तर ती धुऊनपुसून, कोड खोडून विकली जाते, आणि घेणारा कुणी सांगलीचा, कुणी बेळगावचा, वर्षभर पैसे घालत बसतो. प्रत्येक जॉब कार्डाला कोडचं पान असेल तर पुढच्या मालकाला निदान विचारायला काहीतरी मिळेल. तोवर जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की स्कॅनर सोबत न्या आणि कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. कोड खोडल्यापासूनचं अंतर बघा आणि रेडिनेस बघा. अंतर दहा-बारा किलोमीटर निघालं तर कोड पुसायला बॅटरी काढली होती का, असं विचारा आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा.

पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्यापैकी बहुतेकांचे मान्सून चेकअप कॅम्प लागतात. वायपर, टायर, ब्रेक तपासून एक छापील यादी देता, ती चांगली असते. यंदा त्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोडचा रिपोर्ट छापा. ज्या सर्व्हिस सेंटरला याचा नमुना तयार करायला मदत हवी असेल तिथे मी सुट्टीच्या दिवशी येऊन बसेन, पैसे नकोत. एखाद्या आयटीआयच्या पोरांना फ्युएल ट्रिम आणि फ्रीझ फ्रेम कशी वाचायची हे दाखवायचं असेल, तर माझी गाडी आणि स्कॅनर घेऊन येईन.

आणि वाहनधारकांनो, हे पत्र तुम्हीही वाचताय म्हणून सांगतो : जॉब कार्डावर सही करण्याआधी तक्रारीच्या रकान्यात आपल्या हाताने एक ओळ लिहा, ‘कोड खोडण्याआधी छापील प्रत हवी.’ माझी पुढची सर्व्हिस मे महिन्यात आहे. ती ओळ लिहून घेतल्याशिवाय मी किल्ली देणार नाही.

कळावे,

आपला,
एक वाहनधारक,
कोल्हापूर